मुरगावमार्गे मिचिओ इतो

ऑक्टोबर १९४३. मुरगाव बंदरात दोन मोठ्या प्रवासी बोटी लागल्या. ‘ग्रिप्सहोल्म’ स्वीडनची. ती न्यूयॉर्कहून रिओ, मोंतेव्हिदेओ, पोर्ट एलिझाबेथ करत आलेली, आणि तिच्यात सगळे जपानी. ‘तेइआ मारू’ जपानची. ती शांघाय, हाँगकाँग, सिंगापूर करत आलेली, आणि तिच्यात बहुतेक अमेरिकी आणि कॅनेडियन. दोन्हीकडे सुमारे दीड-दीड हजार माणसे. युद्ध पेटले तेव्हा शत्रूच्या मुलखात सापडलेल्यांची ही अदलाबदल. पोर्तुगाल युद्धात नव्हता, म्हणून जागा ठरली गोवा. इकडचे तिकडे गेले, तिकडचे इकडे आले आणि बोटी आल्या वाटेने परतल्या.

‘ग्रिप्सहोल्म’वरून उतरून ‘तेइआ मारू’वर चढलेल्यांत एक्कावन्न वर्षांचा एक नर्तक होता. मिचिओ इतो. लंडन, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस अशी जवळपास तीस वर्षे परदेशात काढून तो गोव्यावरून घरी चालला होता.

*

त्या वर्षी मुरगावचे बंदर काही साधे दिसत नसणार. मार्चमध्येच इथे आसऱ्याला थांबलेल्या चार बोटींना जलसमाधी मिळाली होती. ‘एहरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ या तीन जर्मन, ‘आन्फोरा’ ही इटालियन. कलकत्त्याहून आलेल्या हौशी ब्रिटिश शिलेदारांनी रात्री छापा घातला, आणि बोटी हाती लागू नयेत म्हणून खलाशांनीच त्या पेटवून बुडवल्या. सात महिन्यांनी त्याच पाण्यात अदलाबदलीच्या बोटी. वाळपईहून मुरगाव गाठायचे तर आजही फोंडा किंवा पणजी करून वास्कोपर्यंत जावे लागते. तेव्हा आमच्या सत्तरी तालुक्यात यातले किती कानावर आले असेल? पण ज्या किनाऱ्यावर एका नर्तकाचे आयुष्य असे दोन तुकड्यांत मोडले, तो आपला किनारा. म्हणून ही टिपणे.

*

इतो नाचायला घराबाहेर पडलेच नव्हते. जन्म १८९२, टोकियो. वडील वास्तुशिल्पी. एक भाऊ किसाकू पुढे नेपथ्यकार झाला. दुसरा, कोरेया सेन्दा या नावाने, जपानच्या नव्या रंगभूमीचा मोठा दिग्दर्शक झाला. मिचिओ युरोपात गेले ते ऑपेराचे गाणे शिकायला. तिथे इसाडोरा डंकनचे नृत्य पाहिले आणि गाणे मागे पडले. मग ड्रेस्डेनजवळ हेलेराऊला एमिल जाक-दालक्रोझ यांच्या शाळेत नाव घातले. तिथे ताल कानाने ऐकायचा आणि अंगाने दाखवायचा, हात एका मात्रेत तर पाय दुसऱ्या मात्रेत. मेरी विगमनही तिथलीच विद्यार्थिनी. म्हणजे या जपानी नर्तकाचे नाचातले पहिले खरे शिक्षण जर्मनीतले, आणि गुरू स्वित्झर्लंडचा.

१९१४ ला युद्ध सुरू झाले. जपान दोस्तांच्या बाजूने उतरला आणि जर्मनीतल्या जपानी विद्यार्थ्यांना गाशा गुंडाळावा लागला. इतो लंडनला आले. पासपोर्टाने त्यांना हलवले ते ही पहिली खेप.

*

लंडनमधल्या उपासमारीची इतोंनी स्वतः सांगितलेली गोष्ट मजेदार आहे. खिसा रिकामा, एकेक चीज गहाण पडलेली, आणि अशात बड्या घरच्या एका बैठकीत नाचण्याची संधी आली. तो नाच आवडला आणि वरचेवर बोलावणी येऊ लागली. एका मेजवानीत शेजारी बसलेल्या वयस्क गृहस्थांशी बोलायचे, तर इंग्रजी येईना. इतोंनी विचारले, जर्मन चालेल का? चालली. ते गृहस्थ पंतप्रधान आस्क्विथ होते, हे नंतर कळले. जर्मनीशी लढाई चाललेली असताना ब्रिटनचे पंतप्रधान जपानी माणसाशी जर्मनमध्ये बोलत होते.

इतो आपल्या गोष्टींना मीठमसाला लावत, असे त्यांचे अभ्यासक म्हणतात. तारा रॉडमन यांनी तर २०२४ च्या पुस्तकाच्या नावातच ‘फँटसीज’ हा शब्द घातला आहे. परमुलखात पोट भरणाऱ्या कलावंताला स्वतःची कहाणीही सादर करावी लागते, तेव्हा ती थोडी सजणारच. आमच्याकडचे कीर्तनकार आपल्या गुरूंविषयी जे सांगतात, त्याची छाननी आपण कुठे करतो?

*

आता मुख्य मौज. कवी एझ्रा पाउंड त्या काळात अभ्यासक फेनोलोसा यांच्या मागे राहिलेल्या कागदांवरून जपानची जुनी ‘नो’ नाटके इंग्रजीत आणत होते. लंडनमध्ये खराखुरा जपानी नर्तक आहे म्हटल्यावर त्यांनी इतोंना गाठले. इतोंना नो नाटकांचा कंटाळा होता, आणि तसे त्यांनी सांगितलेही. मग त्यांचे दोन जपानी मित्र मदतीला आले. त्यांच्यातला चित्रकार कुमे नो शिकलेला होता. त्यांनी पाउंडना नोचे गायन ऐकवले, आणि ते ऐकता ऐकता इतोही आपल्या देशाच्या त्या कलेकडे नव्याने पाहू लागले. टोकियोत जे नकोसे वाटले, ते लंडनमध्ये शिकायची पाळी आली. लंडनला त्यांच्याकडून जपान हवा होता. ज्या माणसाला पश्चिमेचा गायक व्हायचे होते, त्याला पोटासाठी पूर्वेचा नर्तक व्हावे लागले.

*

२ एप्रिल १९१६. लेडी कुनार्ड यांच्या दिवाणखान्यात आयरिश कवी येट्स यांचे नोच्या धर्तीवरचे नाटक ‘अॅट द हॉक्स वेल’ झाले. मोजके निमंत्रित, त्यांत टी. एस. एलियट. मुखवटे आणि पोशाख एडमंड द्युलाक यांचे. झऱ्याची राखण करणारी ससाणी इतोंनी नाचली. तयारी म्हणून ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात शिकारी पक्षी न्याहाळत बसले होते. येट्सना मोठाली नाट्यगृहे, यांत्रिक देखावे, झगझगीत उजेड हे सगळे नको झाले होते. नट हाताच्या अंतरावर हवा, आणि तरीही तो दूरच्या लोकातला वाटला पाहिजे. पडदाही त्यांनी काढून टाकला. त्याऐवजी वादक येतात, एक काळे कापड उलगडतात, घडी घालतात, आणि नाटक सुरू होते.

*

हे वाचताना मला झर्मे आठवते. वाळपईपासून लांब नाही. शिगम्याच्या दिवसांत तिथे रणमाले हे लोकनाट्य होते. रामायण-महाभारतातली कथानके, मराठी-कोंकणीची सरमिसळ, घुमट आणि कासाळे. पडदा नाहीच. गाणारे मागे ओळीने उभे राहतात आणि त्यांचीच भिंत होते. पात्रे त्या भिंतीपुढे येतात, नाचतात, बोलतात, निघून जातात. राम झालेला गडी सकाळी काजूच्या बागेत दिसलेला असतो. बघणारे त्याच्यापासून हातभरावर बसतात आणि त्यांना तो रामच दिसतो.

येट्सनी ज्यासाठी इतका विचार केला, जपानी ग्रंथ धुंडाळले, बड्या बाईंचा दिवाणखाना मिळवला, ते सत्तरीत मांडावर, म्हणजे गावच्या खेळाच्या जागेवर, दर वर्षी चाललेले होते. अभिमानाने छाती फुगवायचे कारण नाही. सोपेपणा दोन वाटांनी येतो. एकाने सगळे जमवून मग टाकून दिलेले असते, दुसऱ्याकडे ते मुळातच नसते. पाहणाऱ्याला फरक कळेलच असे नाही. करणाऱ्याला मात्र कळतो.

*

१९१६ मध्येच इतो न्यूयॉर्कला गेले आणि १९२९ मध्ये लॉस एंजेलिसला. त्यांची पद्धत तिथे घडली. हातांच्या दहा मुद्रा, त्यांच्या दोन माळा, एक पुरुषी आणि एक बायकी, म्हणजे एकूण वीस. या वीसांच्या जोडणीतून सगळा नाच. विद्यार्थ्यांनी त्या संगीताच्या मात्रांवर चालत चालत घोटायच्या. ‘पित्सिकाती’ हा त्यांचा गाजलेला लहानसा नाच. पाय जागचे हलत नाहीत, फक्त हात आणि धड. दिवा पुढून आणि खालून, त्यामुळे मागे पडद्यावर प्रचंड सावली नाचते.

आमची घोडेमोडणी याच्या अगदी उलट. कमरेला लाकडी घोड्याचे तोंड बांधलेले, वर फुलांच्या माळा, एका हातात लगाम, दुसऱ्यात नागवी तलवार. हात अडकलेले, नाचायचे ते पायांनी. ढोल-ताशा-कासाळ्यावर घोडे पुढे झेपावतात, मागे सरतात, गावच्या हद्दीपर्यंत जातात आणि परत मांडावर येतात.

*

कॅलिफोर्नियात इतो मोठ्या मैदानांवर गेले. सप्टेंबर १९२९ मध्ये पासाडेनाच्या रोझ बोलमध्ये, पुढे हॉलिवूड बोलमध्ये, मोठमोठे ताफे घेऊन. दिवाणखान्यातल्या मोजक्या निमंत्रितांपासून हजारोंच्या गर्दीपर्यंत. लेस्टर हॉर्टन त्यांच्या हाताखाली नाचले आणि हॉर्टनकडे पुढे अॅल्विन एली शिकले. अमेरिकी आधुनिक नृत्याच्या वंशावळीत इतोंचे नाव असे आडव्या फांदीवर आहे. नर्तकी पोलीन कोनरही त्यांच्या संचातून दौऱ्यावर गेलेली.

*

इतोंचे १८९२ हेच गायिका केसरबाई केरकर यांचेही जन्मवर्ष. गाव केरी. सत्तरीत एक केरी आहे, पेडण्यात एक आहे, ही फोंड्याची. केसरबाईंचा आवाज १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानाच्या तबकडीवरून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाला. इतोंचे नृत्य असे कुठे साठवलेले नाही. चलच्चित्रे नावापुरती, बाकी छायाचित्रे. लॉस एंजेलिसचे तोयो मियाताके यांनी काढलेली त्यांतली फार देखणी. नाच उरला तो शिष्यांच्या अंगात. हेलन कॉल्डवेल या शिष्येने १९७७ मध्येच त्यांच्यावर पुस्तक लिहिले, आणि शिष्यांच्या शिष्यांनी ते लहान लहान नाच पुन्हा उभे केले. गाणाऱ्याला यंत्र मिळाले. नाचणाऱ्याचा भरवसा अजूनही दुसऱ्याच्या गुडघ्यांवर.

*

इतोंच्या जोडीची आपल्याकडची उदाहरणे. उदय शंकर मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकून १९२० मध्ये लंडनला गेले तेही चित्रकार व्हायलाच. नर्तकी आना पावलोव्हाला हिंदुस्थानी नाच हवे होते. शंकरांनी बसवून दिले आणि १९२३ मध्ये तिच्याबरोबर राधा-कृष्ण नाचले. कुठल्याही गुरूकडे रीतसर शिक्षण न घेता! कथकळीचे गुरू शंकरन नंबुद्री यांच्यापुढे ते बसले ते नंतर, युरोप गाजवून झाल्यावर. इतो आणि नो, शंकर आणि कथकळी. दोघांनाही घरची वाट परक्यांच्या मागणीने दाखवली.

मॅडम मेनका यांची गोष्ट वेगळी. त्या कथक शिकून मग निघाल्या. १९३६ ते १९३८ त्यांचा संच युरोपभर फिरला, बर्लिनला ऑलिंपिकच्या वर्षी झालेल्या नृत्यसोहळ्यातही नाचला. परत येऊन त्यांनी खंडाळ्याला नृत्यालयम् काढले. त्या संचात एक लहान मराठी मुलगी होती, दमयंती जोशी. मुंबईचा जन्म, आणि ज्या वयात आपली मुले पाढे म्हणतात त्या वयात युरोपच्या रंगमंचांवर कथक. पुढे त्या कथकच्या मोठ्या नर्तकी झाल्या, १९७० मध्ये पद्मश्री मिळाली. मेनकांना बाहेर जाऊन पूर्वेचा वेश शोधावा लागला नाही, कारण निघतानाच अंगावर होता. पण बर्लिनच्या प्रेक्षकाला शंकर आणि मेनका यांतला फरक कळला असेल, याची मला खात्री नाही.

*

डिसेंबर १९४१. पर्ल हार्बर झाले आणि इतोंना अटक झाली. पंचवीस वर्षे अमेरिकेत, पहिली बायको अमेरिकी, दोन मुलगे तिथेच जन्मलेले. काही उपयोग नाही. स्थानबद्धांच्या छावण्या, आणि मग १९४३ ची बोट.

त्या बोटीवर सगळे राजीखुशीने चढले होते असेही नाही. पेरूसारख्या देशांतून जपानी कुटुंबे उचलून अदलाबदलीच्या हिशेबात घातली होती. अमेरिकेतच जन्मलेली पोरे होती, जी जपान प्रथमच पाहणार होती. समोरच्या बोटीवरही तऱ्हतऱ्हेचे लोक. लेखिका एमिली हान आपल्या लहान मुलीला घेऊन हाँगकाँगहून आलेली. माणसांबरोबर रेडक्रॉसच्या पेट्याही ‘तेइआ मारू’वर चढल्या, जपानकडच्या युद्धकैद्यांसाठी. हिशेब माणशी माणूस असा होता. त्या यादीत इतो हे नर्तक नव्हते, एक नग होते.

*

जपानला परतल्यावर इतोंनी काय केले, हेही टिपून ठेवले पाहिजे, नाहीतर ही टिपणे संतचरित्र होतील. साम्राज्याच्या ‘बृहत् पूर्व आशिया’ या कल्पनेला जोडून त्यांनी रंगकलांची संस्था उभारायला घेतली. ज्या सत्तेने आशिया जाळला, तिच्याच पदराखाली आशियाच्या कलांची एकी. त्यांना ते विसंगत वाटले नसावे. तीस वर्षे त्यांना कुणी ना कुणी पूर्वेचा प्रतिनिधी म्हणूनच उभे केले होते. आता घरचे सरकार तेच म्हणत होते.

*

मग १९४५. जपान हरला. टोकियोचे ताकाराझुका नाट्यगृह अमेरिकी सैन्याने ताब्यात घेतले आणि त्याला युद्धात मारल्या गेलेल्या एर्नी पाइल या वार्ताहराचे नाव दिले. प्रेक्षक फक्त सैन्याचे. जपान्यांना आत जागा ती रंगमंचावर आणि पडद्यामागे. तिथल्या नृत्यांची जबाबदारी इतोंकडे आली. जाझ, ब्रॉडवेच्या धाटणीचे नाच, आणि ‘फँटसी जापोनिका’ही. १९४६ मध्ये त्याच रंगमंचावर ‘द मिकाडो’ झाले. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात रंगवलेला खोटा जपान, टोकियोत, जपानी नाचणाऱ्यांसह, अमेरिकी शिपायांसाठी.

लंडन-न्यूयॉर्कमध्ये जपान विकला. टोकियोत अमेरिका विकली, आणि वर गिऱ्हाइकाच्या मनातला जपानही. गिऱ्हाईक मात्र तेच राहिले.

*

गोव्याच्या वादकांना यात नवल वाटायचे नाही. हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ झाला आणि ट्रम्पेटवर आर्मस्ट्राँग वाजवू लागला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन घेऊन बसले. हॉटेलांना पश्चिम हवी होती, स्टुडिओंना सुरावट लिहिणारे हात हवे होते, आणि चर्चच्या शाळेत संगीत वाचायला शिकलेले गोंयकार दोन्ही पुरवत होते. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये स्वतःच्या मनाचे केले, हिंदुस्थानी रागांचा आणि मोठ्या वाद्यवृंदाचा मेळ घालून पाहिला. त्यावर घर चालले नाही. घर चालले ते चित्रपटांच्या गाण्यांवर.

*

इतोंचा मुलगा जेरी इतो नट झाला आणि जपानी चित्रपटांत शिरला. १९६१ च्या ‘मोथ्रा’ या राक्षसपटात खलनायक तोच. परदेशी तमासगीर नेल्सन. हा नेल्सन एका बेटावरून दोन चिमुकल्या गाणाऱ्या पऱ्या पळवून आणतो आणि टोकियोच्या रंगमंचावर त्यांचा खेळ लावून पैसे करतो. मग त्यांची राखणदार महाकाय अळी शहर उद्ध्वस्त करत येते. मिचिओ इतो त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला वारले. बापाने जन्मभर दुसऱ्यांच्या रंगमंचावर दूरदेशीचा माणूस म्हणून नाच केला, आणि मुलाच्या वाट्याला आले ते दूरदेशीच्या गाणाऱ्यांचा बाजार मांडणाऱ्याचे काम. कथालेखकाच्या मनात हे असेल असे नाही. पण योगायोगही कधीकधी नेमका बोलतो.

*

ससाणीचे पुढे काय झाले? येट्सच्या नाटकावरून मारिओ योकोमिची यांनी १९४९ मध्ये नो नाटक रचले, आणि १९६७ मध्ये त्याचे ‘ताकाहिमे’ हे नवे रूप आले. नोच्या रंगमंचावर ते अजून होते. आयरिश कवीने नोच्या ऐकीव ज्ञानावर लिहिलेले आणि नोचा कंटाळा असलेल्या जपान्याने प्रथम नाचलेले नाटक नोच्या घरात जाऊन बसले. अस्सलपणाच्या पहारेकऱ्यांनी याचे काय करायचे ते ठरवावे.

*

१९५० च्या दशकात मुरगावहून जपानला जाणाऱ्या बोटी वाढल्या. माणसे नव्हेत, खनिज. डिचोलीच्या आणि पुढे सत्तरीच्या डोंगरांतले लोहखनिज बार्जांतून मांडवीने उतरायचे आणि मुरगावला मोठ्या बोटींत चढायचे. कित्येक दशके त्याचे मुख्य गिऱ्हाईक जपानच होते. आमच्या मातीचा जपानशी संबंध नाचापेक्षा लोखंडाने जास्त आला. खाणींनी ज्या गावांची शेते बुजवली, तिथल्या शिगम्याला वर्गणी देणारेही पुष्कळदा खाणवालेच. तेव्हा देणगी घ्यावी की न घ्यावी, हा विचार फक्त परदेशी गेलेल्या नर्तकालाच पडतो असे समजू नये.

*

पणजीच्या सरकारी शिगमो मिरवणुकीत दर वर्षी सत्तरी-डिचोलीची पथके असतात. रस्त्याच्या कडेला पर्यटक, मंचावर परीक्षक, बक्षिसाची रक्कम. मांडावर तासन् तास चालणारा नाच परीक्षकांपुढे मिनिटांत उरकावा लागतो. म्हणून पोशाख अधिक चकचकीत होतो, उड्या वाढतात. आमचे काही जाणते यावर चिडतात, अस्सल गेले म्हणतात.

इतोंचे आयुष्य पाहिल्यावर मला त्या रागात सामील होता येत नाही. बाहेरच्यांसाठी बदललेले सगळेच खोटे असते, तर ससाणी नोच्या घरात शिरली नसती. माझे विचारणे दुसरे आहे. नाचणाऱ्याला नको म्हणायची सोय आहे का? इतोंपुढे लंडनमध्ये भूक होती, अमेरिकेत शेवटी तुरुंग, टोकियोत जेत्यांचे सैन्य. परत येऊन पाय टेकायला त्यांना स्वतःचा मांड नव्हता, आणि म्हणून समोरचा मागेल तो देश त्यांना नाचून दाखवावा लागला. झर्म्याच्या गड्याला पणजीचे बोलावणे नाकारता येते, कारण त्याचा राम गावात ठरलेला असतो आणि पोट काजू-भातावर चालते. घोडे पणजीला गेले म्हणून काही बिघडत नाही. पण पणजीची तारीख सांभाळण्यासाठी गावचा मांड त्या रात्री रिकामा ठेवला, तर पुढच्या वर्षी नको म्हणणारा कुणी उरायचा नाही.